मिरचीच्या मुलखातली रंजीता

चंद्रपुरात तुकूमला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, तेव्हाचं सांगते. उन्हाळा लागला की घरमालकीणबाई अंगणात वर्षभराची मिरची कांडायला घ्यायच्या. सगळी आळी शिंकून बेजार व्हायची. मी खिडक्या लावून, तोंडाला ओढणी गुंडाळून बसायची. रंजीता मात्र हातातलं पुस्तक उपडं ठेवून दारात जाऊन उभी राहायची. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, आणि चेहऱ्यावर माहेरी आलेल्या बाईसारखं समाधान.

"अवं, आत ये ना. काऊन तिथी मरून राह्यली?" मी ओरडायची.

"राहू दे वं हर्षा," ती म्हणायची. "हा माह्या लहानपणाचा वास आहे."

मी बल्लारपूरची. वडील कागदाच्या कारखान्यात होते. बारा महिने एकच क्वार्टर, एकच शाळा, भोंगा झाला की डबा. स्थलांतर हा माझ्यासाठी एम.ए.च्या पेपरातला एक धडा होता. विद्यापीठात हंगामी स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला आणि आम्हा दोघींना त्यात संशोधक म्हणून घेतलं, तेव्हा मला वाटलं, चला, दोन वर्षं पगार सुरू राहील. रंजीताला काय वाटलं ते तिनं पहिल्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही. अभ्यासाचे प्रमुख वासेकर सरांनी भिंतीवर नकाशा लावला आणि कोणत्या तालुक्यातून लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात ते बोटानं दाखवत गेले. सिंदेवाहीच्या जरा खाली त्यांचं बोट क्षणभर थांबलं. तिथंच कुठंतरी रंजीताचं गाव होतं, चिखलबोडी. ती वहीत मान घालून बसली होती.

चिखलबोडीला मोठा मामा तलाव आहे. मामा म्हणजे कोणाचा मामा नव्हे, माजी मालगुजारी. तलावाच्या पाळीला लागून ढिवरांची घरं. रंजीताचे वडील लटारू दुमाने तलावात जाळं टाकायचे, आई गिरजा टोपलीत मरळ आणि बोटरी मासे घेऊन आजूबाजूच्या गावांत विकायला जायची. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास शिंगाडे, मग धानाची कापणी. धान घरात आलं की गावातलं काम आटपायचं. पुढं होळीपर्यंत करायचं काय? मग मुकादम यायचा, मेटॅडोर यायची, आणि अर्धं गाव भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन मिरचीच्या मुलखात निघून जायचं.

रंजीता पहिल्यांदा गेली ती आईच्या ओटीत, अंगावर पीत. चौथीपर्यंत तिचा एकही हिवाळा घरी गेला नाही.

त्या हिवाळ्यांबद्दल ती बोलायला लागली की मला ऐकतच राहावंसं वाटायचं. शेताच्या कडेला ताडपत्रीची आणि ताडाच्या पानांची खोपटी. सकाळी दव पडलेलं असायचं. बाया सोग्याने डोकं बांधून रांगेत शिरायच्या, आणि लांबून पाहिलं तर हिरव्या शेतात नुसते रंगीत ठिपके सरकताना दिसायचे. तोडलेली मिरची खळ्यावर पसरली की सगळं खळं लालेलाल. पोरं त्या मिरचीच्या ढिगाभोवती शिवाशिवी खेळायची. संध्याकाळी एकाच मोठ्या चुलीवर चार घरांचा भात. कोणी दंडारीतली गाणी म्हणायचं, कोणी नुसतंच डबडं वाजवायचं. निघताना मजुरीचा काही भाग मिरचीच्याच रूपात मिळायचा, त्या पोत्यांवर लोळत पोरं गावाला परत यायची.

"आणि मायचा हात," ती एकदा म्हणाली. "दिवसभर मिरची तोडून तिचे हात असे जळत राहायचे का राख लावा, ताक लावा, काही फरक नाई. आमच्या तोंडाले हात लावता येत नव्हता तिले. डोळे झोंबतीन म्हणून. मग थे आम्हाले कोपरानं गोंजारे. मले लय दिवस वाटे का सगळ्याच माया कोपरानं गोंजारतेत."

हे सांगून ती हसली. मी हसले नाही.

चौथीच्या वर्षी गावातले गुरुजी लटारूभाऊंच्या घरी आले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, दरसाल चार महिने शाळा बुडते, यंदा हिला इथं ठेवा. लटारूभाऊंना ते पटलं. धाकटा भाऊ रिंकू अजून शाळेत नव्हता, तो सोबत जाणार. रंजीता बुधरी आत्याकडे राहणार. आत्याचं घर पलीकडच्या टोलीवर, शाळेच्या जवळ. सगळं ठरलं, आणि एका सकाळी मेटॅडोर निघून गेली.

पुढचं तिनं मला आमच्या खोलीच्या गच्चीवर, वाळवण आवरता आवरता सांगितलं. काही दिवस ती शाळेत गेली. पाटीवर लिहिलं, कविता पाठ केली. मग एक दिवस शेजारच्या गावची टोळी निघताना दिसली. तशीच मेटॅडोर, तशीच भांडी, तशाच बाया. ती दप्तर घेऊन त्या गर्दीत शिरली आणि पोत्यांच्या मागं बसली. पोरांचा एवढा लोंढा, प्रत्येकीला वाटलं ही दुसरीची. राजुरा ओलांडलं, हद्द ओलांडली, दुकानांवरच्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या झाल्या. तिला वाटलं, आता माय दिसेल.

ती उतरली त्या गावात माय नव्हती. मिरचीचा मुलूख एवढा मोठा असतो हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या लेखी तो म्हणजे एक शेत, एक खळं, एक चूल.

टोळीतल्या बायांना जेव्हा कळलं तेव्हा एकच गोंधळ उडाला. शेवटी शेतमालकाची बायको वेंकटम्मा पुढं झाली आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. मुकादमानं टेलिफोनच्या बूथवरून इकडं तिकडं निरोप धाडले. तेव्हा मोबाईल कोणाकडं असायचा? रंजीता वेंकटम्माच्या ओसरीवर बसून रडायची. वेंकटम्मा ताटली घेऊन समोर बसायची. "एडवकु. अन्नम तिनु." रडू नको, भात खा. तेलुगूतली रंजीताची ही पहिली दोन वाक्यं. आठवडाभरानं गिरजाबाई आल्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला विचारत, मिळेल त्या बैलबंडीवर बसत, काही वाट पायी.

"मारलं तुला?" मी विचारलं.

"नाई. काहीच बोलली नाई. बसली माह्याजवळ. मग घेऊन गेली आपल्या शेतावर."

त्या वर्षी रंजीताची परीक्षा बुडली. चौथी पुन्हा करावी लागली. त्यानंतर ती कधी गेली नाही, आत्याकडेच राहिली, दहावी झाली, सिंदेवाहीला बारावी, चंद्रपूरला कॉलेज. ढिवर टोलीतून एम.ए. झालेली पहिली मुलगी.

आमच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता मजुरांच्या लेकरांचा. लोक कामाला जातात तेव्हा पोरांच्या शाळेच्या हक्काचं काय? वासेकर सर मनापासून काम करणारे माणूस. स्वतः शिक्षकाच्या घरातले, गावोगाव फिरलेले. त्यांचं मत जवळजवळ पक्कं झालं होतं की गावातच हंगामी वसतिगृहं वाढवावीत. आईवडील जातील, मुलं मागं राहतील, जेवतील, शिकतील. आम्हालाही ते बरोबर वाटत होतं. रंजीताला सुद्धा. "मी स्वतः मागं राह्यली म्हणूनच शिकली ना," असं ती म्हणायची. पण म्हणताना आवाज जरा उतरायचा.

चिखलबोडीची पाळी आली तेव्हा सरांनी नियम सांगितला, आपल्या घरच्यांची मुलाखत आपण घ्यायची नाही. म्हणून गिरजाबाईंची मुलाखत माझ्याकडे आली.

आम्ही सकाळी पोचलो. लटारूभाऊ तलावावर गेले होते. ते आता थकले होते, पण जाळ्याशिवाय त्यांना करमायचं नाही. गिरजाबाई ओट्यावर बसल्या, मी समोर. रंजीता मागच्या अंगणात मासे साफ करायला गेली. मधे फक्त कुडाची भिंत.

मी रीतसर सुरुवात केली. तुमची परवानगी आहे का, नको वाटलं तर उत्तर देऊ नका, वगैरे. गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"पोटच्या पोरीले नाई सांगतलं थे तुले कायले सांगू वं बाई?"

"नका सांगू मावशी. जेवढं वाटेल तेवढंच."

किती वर्षं गेल्या, कोणासोबत, आजारपण आलं तर काय केलं, सगळं त्यांनी भराभर सांगितलं. मग तो प्रश्न आला. मुलांना मागं ठेवून गेलात का? त्या वेळी कसं झालं?

मागं मासे साफ करण्याचा आवाज चालू होता.

"एकडाव ठेवली," त्या म्हणाल्या. "रंजीताले. गुरुजी बोलले, तिचा बाप बोलला, मीबी हो म्हटलं. पर जायच्या दिशी माहं काळीजच नाई होये. थे माह्या लुगड्याले धरून उभी. मले वाटलं, हे रडन, मी रडन, मंग मी जाणार नाई आन आमी खाऊ काय? म्हून मी तिच्या हाती मडकं देल्लं. म्हटलं, बाई, तळ्यावरून पाणी आन. थे गेली. आन आमी गाडीत बसून निघून गेलो."

मागचा आवाज थांबला.

"मीच तिले पाण्याले धाडली," गिरजाबाई म्हणाल्या. "पाळीवरून पाह्यलं असन तिनं, गाडी जाताना. मंग लेकरू पळून नाई येन तं काय करन? लोक मले म्हणे, तुही पोट्टी लय धीट, एकटी आली परमुलखात. धीट कायची? मी फसवली तिले."

मी पेन खाली ठेवलं.

रंजीतानं गच्चीवर मला सगळं सांगितलं होतं, पण पाण्याला धाडल्याचं नव्हतं सांगितलं. त्या दुपारी तिनं आम्हाला जेवायला वाढलं. मरळीचा रस्सा, भात. लटारूभाऊ येऊन जेवून पुन्हा गेले. गिरजाबाई ताटं उचलायला लागल्या तेव्हा रंजीता त्यांच्याकडे न पाहता म्हणाली,

"माय, थे मडकं मी फोडलं होतं. पाळीवरच."

"मालूम आहे मले. तुह्या आत्यानं सांगतलं."

"तू कधी बोलली नाई."

"काय बोलू? नवं मडकं होतं, दोनच दिवस झाले होते आणून."

आणि दोघी एकदम हसायला लागल्या. हसता हसता गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रंजीताच्याही आलं, आणि मला कळेना मी तिथं बसावं की उठावं. मी उठून तलावाच्या पाळीवर गेले. बगळे उभे होते. पलीकडून डांबरी रस्ता जात होता, आणि तो पाळीवरून खरोखरच लांबपर्यंत दिसत होता.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तेलंगणात गेलो. रंजीताला वेंकटम्माला भेटायचं होतं. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं, पण गिरजाबाईंना पाठ होतं. रामन्नागुडेम. आम्ही बसनं गेलो, मग ऑटोनं. वाटेत रंजीता एका जागी बसत नव्हती. "इथी एक विहीर पाहिजे," म्हणायची, "इथी चिंच पाहिजे." विहीर होती. चिंच नव्हती. तिथं आता मोबाईलचा मनोरा होता.

वेंकटम्मा होती. म्हातारी, पाठीतून वाकलेली, त्याच ओसरीवर. घर तेवढं पक्कं झालेलं. रंजीतानं पुढं होऊन पाया पडून आपल्या मोडक्या तेलुगूत सांगितलं की मी लहानपणी हरवले होते, तुम्ही मला ठेवून घेतलं, भात भरवला.

म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला. मग आनंदानं मान हलवली आणि बरंच काही बोलली. रंजीताचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तू थेच ना, तापानं फणफणून आली होती, तुह्या बापानं खांद्यावर नेलं." रंजीता थांबली. "मी नाई म्हटलं. तं म्हणते, मंग तू थे, भावासोबत आलेली, दोघं जण. मी म्हटलं, नाई, मी एकटी. म्हणते, हो हो, एकट्याबी आल्या होत्या."

वेंकटम्मा सांगत राहिली. दर दोन-चार वर्षांनी एखादं लेकरू असं यायचं. आजीजवळ ठेवलेलं, आत्याजवळ ठेवलेलं, कोणी आश्रमशाळेतून पळालेलं. मिळेल त्या गाडीत बसून आईमागं. कधी बरोबर गावात पोचायचं, कधी हिच्या दारात. एक तर कधी सापडलंच नाही, त्याचा बाप दोन वर्षं विचारत यायचा. म्हातारीला नावं आठवत नव्हती. तिच्या आठवणीत सगळी मिळून एकच पोर झालं होतं, ओसरीवर बसून रडणारं.

तिथून मुक्कामाच्या जागी परतताना रंजीता माझ्यापुढं भरभर चालत होती. मला वाटलं, म्हातारीनं ओळखलं नाही म्हणून वाईट वाटलं असेल. तसं मी म्हटलंही.

"थे वाटलं ना," ती म्हणाली. "इतके वर्ष मी समजत होती का हे माही एकटीची गोष्ट आहे. माही हुशारी, माहं धाडस. आन तिथं तर लेकराची रांगच होती, हर्षा."

आम्ही त्या गावात दोन आठवडे राहणार होतो. काम होतं खोपट्यांमधल्या कुटुंबांना भेटून प्रश्न विचारायचं. आमच्या भागातली बरीच मंडळी होती, नागभीडची, मूलची, खाली गडचिरोलीकडची. त्यांची पोरं दिवसभर शेताच्या बांधावर. गावच्या सरकारी शाळेचे हेडमास्तर चांगले होते, त्यांनी या पोरांना वर्गात बसायची मुभा दिली होती. पण शिकवणं तेलुगूत. आमची पोरं मागच्या भिंतीशी टेकून बसत, दुपारचं जेवण जेवत आणि पसार होत.

एक दिवस आम्ही शाळेच्या व्हरांड्यात मास्तरांची वाट पाहत बसलो होतो. साधना नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी मागच्या दाराने बाहेर आली आणि रंजीताजवळ बसली. तिच्या हातात वजाबाकी लिहिलेली पाटी होती.

"समजून राह्यलं का तुले?" रंजीतानं विचारलं.

"नाई. थे गुरुजी काय बोलते?"

रंजीतानं जमिनीवर चिंचोके मांडले. बांधावर इतक्या मिरच्या, बकरीनं इतक्या खाल्ल्या, उरल्या किती? साधना खिदळली. "बकरी मिरची खाते का वं बाई?" तिचं खिदळणं ऐकून आणखी दोन पोरं बाहेर आली. मग आणखी. मास्तर आले तेव्हा व्हरांडा भरलेला होता आणि वर्गाची मागची भिंत रिकामी. मला वाटलं ते रागावतील. ते चष्मा पुसत थोडा वेळ पाहत राहिले आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाले, हिला विचारा, उद्या पण येईल का?

दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्या दिवशीही. मी एकटीच मुलाखती घेत खोपटोखोपटी हिंडत होते, आणि खरं सांगायचं तर चिडलेही होते. पण संध्याकाळी परत येताना लांबून पाढ्यांचा आवाज कानावर यायचा. आमच्या झाडीपट्टीतल्या हेलात म्हटलेले पाढे, परक्या मुलखात. माझी चाल आपोआप भरभर व्हायची.

चंद्रपूरला परतल्यावर सरांशी रंजीताचं पहिल्यांदा वाजलं. वाजलं म्हणजे कोणी आवाज चढवला नाही. सरांच्या टेबलावर अहवालाचा मसुदा होता. शिफारस क्रमांक एक, हंगामी वसतिगृहं.

"सर, यानं सगळ्याचं भागणार नाही," रंजीता म्हणाली. "काही मुलं मागं राहतील. काही राहणार नाहीत. ती पळून जातील. त्यांच्यासाठी शाळा तिकडे पाहिजे."

"दोन राज्यं, दोन भाषा, दोन खाती. कोण करणार?" सर म्हणाले. "आणि रंजीता, राग मानू नकोस. हा तुझा अनुभव आहे. एका मुलीचा अनुभव म्हणजे अभ्यास नव्हे."

"बरोबर आहे, सर. म्हणून मला आणखी एक हिवाळा द्या."

सरांनी दिला. त्या वर्षभर ती आपल्या भागातल्या गावागावांत फिरली आणि आईमागं निघून गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या लोकांना शोधत राहिली. इस्तारी नावाचा एक माणूस सापडला, आता तो भद्रावतीला बसस्टँडजवळ पानठेला चालवतो. तो सातव्या वर्षी पळाला होता. बोलता बोलता कात लावायचा थांबला आणि म्हणाला, "बाई, हे तं मी बायकोलेबी नाई सांगतलं." असे बरेच निघाले. कोणी हसत सांगायचं, कोणी सांगायचंच नाही. सरांनी ते सगळं वाचलं. मग अहवालात एक नवं प्रकरण आलं, आणि ते रंजीताच्या नावानं आलं.

ते प्रकरण वाचून सरकारनं धावत येऊन शाळा उघडल्या असत्या तर किती बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. चंद्रपूरला एक परिषद झाली, भाषणं झाली, चहा झाला. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी विषय महत्त्वाचा असल्याचं मान्य केलं. प्रकल्प संपला. मला राजुऱ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. तुकूमची खोली आम्ही सोडली. निघायच्या दिवशी रंजीतानं घरमालकीणबाईंकडून पायलीभर कांडलेली मिरची मागून घेतली, आणि त्या बाई रडल्या.

रंजीतालाही एका कॉलेजनं बोलावलं होतं. ती गेली नाही. त्या हिवाळ्यात तिनं रामन्नागुडेमच्या मास्तरांना फोन केला. शाळेमागं एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती, ती मिळाली. वासेकर सरांनी ओळखीच्या लोकांना सांगून पाट्या, पुस्तकं, सतरंज्या जमवल्या, आणि इकडच्या शाळांशी बोलून एवढं करून घेतलं की पोर परत आलं तर त्याची हजेरी आणि परीक्षा वाया जाऊ नये. सगळ्या शाळा ऐकतात असं नाही. ज्या ऐकतात त्यांच्यावर चाललं आहे. रंजीताची पीएच.डी. लांबत गेली आहे. मार्गदर्शक विचारतात, ती म्हणते, "पावसाळ्यात लिहिते सर."

गिरजाबाईंना रंजीता म्हणाली, चल माझ्याबरोबर, पोरांचा स्वयंपाक कर. त्या आधी नाही म्हणाल्या. "मी तिकडे गेली तं मिरची तोडायलेच गेली. रिकाम्या हातानं जाऊ कशी?" पण गेल्या. लटारूभाऊही गेले. आता ते शेडच्या दारात बसून पोरांना जाळं विणायला शिकवतात, ज्याचा तिथं काहीएक उपयोग नाही, कारण त्या गावात तलाव नाही.

मागच्या माघ महिन्यात मी चार दिवसांची रजा काढून गेले. पोचले तेव्हा दुपार झाली होती. शेतांवर लाल ठिपके दाटले होते आणि वाऱ्याबरोबर तो झोंबरा वास येत होता. मी शिंकत शिंकत शेडपाशी आले. आत रंजीता फळ्यापुढं उभी होती, थोडी जाड झालेली, केस वर बांधलेले. एक ओळ मराठीत, तीच तेलुगूत. तिची तेलुगू आता माझ्या कानाला तरी अगदी तिथल्यासारखी वाटत होती. गावातली दोन-तीन तेलुगू पोरंही येऊन बसली होती, कारण इथं गोष्टी जास्त सांगतात म्हणे.

तिनं मला पाहिलं, पण धडा पुरा केल्याशिवाय आली नाही. मग आम्ही पायरीवर बसलो. गिरजाबाईंनी चहा आणला. आम्ही तुकूमच्या खोलीबद्दल बोललो, पाणी कसं फक्त पहाटे यायचं, घरमालकीणबाईंचा मुलगा आता कुठं असतो, सर निवृत्त झाल्यावर काय करणार. ते दिवस हातातून कधी निसटले कळलं नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मले तं रोज आठवते. तू झोपेत बडबडायची थेबी."

"तुला कधी वाटतं का, कॉलेजात गेली असतीस तर?"

तिनं विचार केला. "वाटते ना. उन्हाळ्यात वाटते, घरी बसली का. इथी आली का नाई वाटत."

बायांचा एक घोळका शेतावरून परत येत होता. पोरं शेडमधून उधळली आणि आपापल्या आईकडं धावली. कोणाचं दप्तर राहिलं, कोणाची चप्पल. रंजीता एकेकाला नावानं हाका मारत ती चप्पल हातात घेऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस होती. पिशवी घेऊन निघाले तर एक लहानशी मुलगी आडवी आली. नाव विचारलं तर सांगेना.

"बाई, तुमी गोष्ट सांगता का, का नुसत्या पाहुण्या आहा?"

मी रंजीताकडे पाहिलं. ती फळा पुसत होती, मला मदत करायचा तिचा काही विचार दिसला नाही. मी पिशवी भिंतीशी ठेवली, चपला काढल्या आणि सतरंजीवर जाऊन बसले. बस दुपारीही असते, असं गिरजाबाई चुलीवरून ओरडून म्हणाल्या.